बसल्यावरचे दुखणे

बाळंतिणींच्या वॉर्डात सकाळची फेरी होते त्या वेळी बहुतेक स्त्रिया पडलेल्या असतात. पोटावर शस्त्रक्रिया होऊन प्रसूत झालेली स्त्री तर टाक्यांच्या ठणक्यामुळे आणि रात्रभराच्या जागरणामुळे पहिले दोन दिवस कारणावाचून मान उचलीत नाही. डॉक्टर येतात, नाडी आणि रक्तदाब पाहतात, पट्टी कोरडी असल्याची खातरजमा करतात, बाळ अंगावर पिते की नाही ते विचारतात, शेवटी "बाकी काही त्रास?" असा प्रश्न करतात, आणि ती मनापासून "नाही" म्हणते, कारण त्या घटकेला तिला खरोखरच काही होत नसते. कागदावर 'तक्रार नाही' अशी नोंद पडते आणि फेरी पुढच्या खाटेकडे सरकते. थोड्या वेळाने बाळ रडते, ती कोपरावर भार देऊन उठून बसते, आणि काही मिनिटांतच कपाळापासून मानेच्या मुळापर्यंत असा ठणका उठतो की बाळाला कोणाच्या तरी हाती देऊन तिला पुन्हा अंथरुणाला पाठ टेकावी लागते. पाठ टेकली की ठणका ओसरतो. कण्यात सुई घालून दिलेल्या भुलीनंतर काही स्त्रियांना जी डोकेदुखी जडते तिचे हे मुख्य लक्षण. आणि ज्या लक्षणावरून ती ओळखायची त्याच लक्षणामुळे ती फेरीच्या वेळी दृष्टीआड राहते.

भूलतज्ज्ञ म्हणून माझी बहुतेक वर्षे पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी गेली. आरंभी सरकारी नोकरीत, आणि पुढे त्याच परिसरातील लहानमोठ्या प्रसूतिगृहांच्या बोलावण्यावरून हिंडण्यात. आमच्या व्यवसायाचा शिरस्ता असा की रुग्णाशी आमचा संबंध शस्त्रक्रियागृहाच्या दारात जुळतो आणि तेथेच सुटतो. वेळी-अवेळी फोन येतो, गाडी काढायची, भूल द्यायची, बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे पाहायचे, आणि दुसऱ्या गावच्या दुसऱ्या प्रसूतिगृहाकडे निघायचे. ही डोकेदुखी मात्र त्या दिवशी क्वचितच असते. बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा ती सुरू होते, म्हणजे जिने सुई घातली ती व्यक्ती तेथून गेल्यावर. माझ्या हाताने घडलेल्या गोष्टीचा परिणाम माझ्या पश्चात दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडावा आणि तो मला कळूही नये, ही व्यवस्था मला कधीच रास्त वाटली नाही.

कण्यातील भुलीविषयी माझ्या मनात अनादर नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. गर्भिणीला पूर्ण बेशुद्ध करणे हे काम मूळचेच जोखमीचे. पोटातील अन्नरस उलटून फुप्फुसात जाण्याचे भय तिच्या बाबतीत अधिक, श्वासनलिकेत नळी घालणेही अधिक अवघड. कमरेखालचा भाग बधिर करून तिला जागी ठेवण्याची सोय झाली त्यामुळे अगणित जीव वाचले, आणि जिने आपल्या मुलाचे पहिले रडणे स्वतःच्या कानांनी ऐकले तिच्या चेहऱ्यावरचा भाव पाहण्याचे भाग्य आम्हांला लाभले. स्त्रीला टेबलाच्या कडेवर बसवून, हनुवटी छातीला टेकवून, पाठ बाहेर काढायला सांगतात. परिचारिका समोरून खांदे धरून उभी राहते. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधील फट बोटाने चाचपून सुई आत जाते. त्वचा, मग चिवट स्नायुबंध, आणि त्यापलीकडे मज्जारज्जूला वेढणारे आवरण. ते भेदले जाते तेव्हा बोटांच्या टोकांना अगदी हलकासा झटका कळतो, आणि सुईतून नितळ द्रवाचा थेंब बाहेर येऊन उभा राहतो. मग जेमतेम दोन मिलिलिटर औषध. थोड्याच वेळात पाय जड होतात आणि शस्त्रक्रियेला आरंभ करता येतो.

तो नितळ थेंब ज्या साठ्यातला, तो साठा प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १५० मिलिलिटरचा. मेंदू आणि मज्जारज्जू त्यात तरंगत असतात. शरीर दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर द्रव नव्याने तयार करते आणि तितकाच शोषून घेते. सुई काढल्यावर आवरणाला जे सूक्ष्म छिद्र उरते ते बहुतेकींच्या बाबतीत निमूटपणे भरून येते. काहींचे लवकर भरत नाही, द्रव पाझरत राहतो, आणि माणूस उभा राहिला किंवा बसला की कमरेपाशी द्रवाचा दाब वाढत असल्याने पाझरही वाढतो. मेंदूखालचा आधार असा कमी झाला म्हणजे तो किंचित खाली ओढला जातो, त्याला धरून ठेवणारी आवरणे आणि रक्तवाहिन्या ताणल्या जातात, आणि रिकामी झालेली जागा भरून काढण्यासाठी शिरा फुगतात. त्यातून तो ठणका उठतो. त्याच्या जोडीला मान आखडते, कानांत आवाज होतो किंवा ऐकू येणे मंदावते, उजेड सोसत नाही, मळमळते; क्वचित डोळा हलविणाऱ्या मज्जातंतूवर ताण येऊन एकाची दोन माणसे दिसू लागतात. तरुण वय, स्त्रीदेह आणि सडपातळ बांधा या तीनही गोष्टी या दुखण्याला अनुकूल; आणि आमच्याकडे प्रसूतीसाठी येणारी स्त्री बहुधा नेमकी अशीच असते.

या दुखण्याचे एक फार जुने आणि फार स्पष्ट वर्णन ज्याने लिहून ठेवले तो स्वतःच त्याचा रुग्ण होता. जर्मनीतील कील या बंदराच्या गावी आउगुस्ट बीर नावाचे शल्यचिकित्सक होते. त्याच गावी क्विंके यांनी काही वर्षे आधी, १८९१ मध्ये, कमरेतून सुई घालून हा द्रव काढण्याची रीत घालून दिली होती. बीर यांनी १८९८ च्या ऑगस्टात त्या वाटेने कोकेन आत सोडून काही रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. पण त्यांतील काहींना मागाहून डोकेदुखी आणि वांत्या झाल्या, म्हणून त्यांनी प्रयोग स्वतःवर करवून घेण्याचे ठरविले. साहाय्यक हिल्डब्रांट यांनी सुई घातली, परंतु पिचकारी सुईला नीट बसेना. त्या खटपटीत बराचसा द्रव आणि औषध दोन्ही वाहून गेली. मग बीर यांनी हिल्डब्रांट यांना सुई दिली, त्यांचे पाय बधिर झाले, आणि टाचणी टोचून, पेटती चिरूट लावून, नडगीवर हातोडी मारून त्या बधिरपणाची परीक्षा झाली. संध्याकाळी दोघे जेवले, मद्य प्याले, चिरूट ओढले. पुढे बीर यांचे डोके असे धरले की त्यांना नऊ दिवस अंथरुणाला खिळून राहावे लागले. आडवे झाले की आराम, उठले की पुन्हा तेच. आणि त्याचे कारण वाहून गेलेला द्रव असावा, हा त्यांचा तर्क १८९९ मध्ये छापला गेला तो आजही मुख्यतः ग्राह्य आहे.

ही हकीकत मी नव्या डॉक्टरांना नेहमी सांगते, आणि सांगताना एका गोष्टीकडे त्यांचे लक्ष वेधते. कीलच्या त्या प्राध्यापकांनी नऊ दिवस अंथरूण धरले, तेव्हा ते सोंग करीत आहेत असे कोणाच्या मनातही आले नाही. त्यांचा शब्द हाच पुरावा मानला गेला आणि त्या शब्दावर एक शास्त्र पुढे उभे राहिले. आमच्या वॉर्डातील बावीस वर्षांची सून तीच लक्षणे त्याच क्रमाने सांगते, आणि तिच्या शब्दाला मात्र साक्षीदार लागतो. तापाला पारा आहे, जखमेला डोळ्यांना दिसणारे तोंड आहे; आडवे होताच निघून जाणारे दुखणे दाखवायचे कसे? कामाची वेळ आली की उपटणारे आणि विश्रांती मिळताच नाहीसे होणारे दुखणे घरातल्यांना आळसासारखे दिसते, आणि त्यात ती सून असली, त्यातही पहिलटकरीण असली, तर तो संशय बोलून दाखवायला फारसा संकोच होत नाही.

पाटणच्या खोऱ्यातल्या एका स्त्रीची गोष्ट मला या संदर्भात आठवते. पावसाळ्याचे दिवस होते. प्रसूतिगृह लहान, खोलीत दोन खाटा, आणि खिडकी घट्ट लावलेली. भूल मीच दिली होती आणि सुई पहिल्याच वेळी सुखरूप आत गेली होती. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेले असता जिना चढून तिला पाहावयास गेले. कानांत कापसाचे बोळे, त्यावरून डोक्याला घट्ट बांधलेले फडके, भिंतीकडे तोंड करून ती पडली होती. सासूबाई उशाशी बाळ घेऊन बसल्या होत्या आणि मला पाहताच त्यांनी कैफियत मांडली.

"डॉक्टरीणबाई, आता तुमीच सांगा हिला. तिसरा दीस हाय. पडली की ब्येस असतीया, बसवली की डोस्कं धरती. वारं लागलं म्हनून कान बांधलं, तरी तेच. पोराला बसून पाजायचं कुनी?"

सून काही बोलेना. मी खाटेवर टेकून विचारले तेव्हा हळूच म्हणाली, "पडले की खरंच काय होत नाय ओ." त्या स्वरात तक्रारीपेक्षा अपराधीपणा अधिक होता, आपले काहीतरी चुकत असावे, असे इतरांबरोबर तिलाही वाटू लागले होते.

मी तिला हात देऊन बसविले आणि सासूबाईंना म्हटले, "मावशी, तुम्ही इकडे समोर या, आणि पाच मिनिटं नुसतं बघा." आरंभी काही नव्हते. मग तिने डोळे मिटून घेतले, भुवया जुळल्या, वरचा ओठ घामाने ओलसर झाला. कानांत घूं घूं होतेय आणि तुम्ही लांबून बोलताय असे वाटतेय, असे ती म्हणाली. मी सासूबाईंचा तळहात उचलून सुनेच्या मानेवर ठेवला. मानेचे स्नायू दोरखंडासारखे ताठ झाले होते. सासूबाईंनी हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनीच तिला हळूहळू आडवे केले आणि मान सैल होईपर्यंत तो तळहात तेथेच राहू दिला.

नंतर मी त्यांना सुईचे छिद्र, मेंदूभोवतीचे पाणी, आडवे झाल्यावर पाझर का थांबतो, हे सारे समजेल अशा शब्दांत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग ह्ये आदी का न्हाई सांगितलं कुनी?" प्रश्न सर्वस्वी रास्त होता. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर कुठेतरी एक ओळ असते, नवऱ्याची सही असते, बाईची सही वा अंगठा असतो. पण कळा चालू असताना, बाळाचे ठोके मंदावले आहेत अशी घाई असताना त्या ओळीतला मजकूर कोणाच्या ध्यानात राहील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. जे नंतर उद्भवणार ते नंतरच, निवांत वेळी, पुन्हा सांगितले पाहिजे, आणि ते ज्या बाईच्या हाती घर आहे तिच्यादेखत सांगितले पाहिजे. त्या दिवसापासून त्या सासूबाईंनी सुनेची बाजू घेतली. कुशीवर पडून बाळाला कसे पाजायचे हे मी परिचारिकेकरवी दाखविणार होते, तो त्याच म्हणाल्या, "शेतातनं दमून आल्यावर आमी असंच पाजायचो की," आणि बाळाला आईच्या कुशीशी नेमके लावून, त्याच्या पाठीमागे घडी केलेले लुगडे ठेवून मोकळ्या झाल्या.

उपचारांविषयी लिहायचे तर बहुतेक रुग्णांना फारसे काही लागत नाही. छिद्र आपले आपण भरते. आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत, दुखणे मावळते. तोवर साध्या वेदनाशामक गोळ्या, पुरेसे पाणी, आणि उठणे-बसणे रुग्णाच्या कलाने. चहा-कॉफीतील कॅफीनमुळे फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि काहींना काही काळ उतार पडतो. अंगावर पाजणाऱ्या आईला ते बेताने द्यायचे. येथे एका समजुतीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. भुलीनंतर चोवीस तास उशी घ्यायची नाही, मान वळवायचीही नाही, असा हुकूम आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे. आणि बाई तहानेली, पाठीला रग लागलेली, तरी छताकडे पाहत पडून राहते. सक्तीने असे पाडून ठेवल्याने ही डोकेदुखी टळत नाही, हे पुष्कळ अभ्यासांतून स्पष्ट झालेले आहे. दुखत असताना आडवे होणे हा आराम आहे. दुखत नसताना पाडून ठेवणे हा केवळ जाच. कितीदा तरी मी स्वतः जाऊन बाईच्या मानेखाली उशी सरकविली आहे आणि तिच्या आईच्या चेहऱ्यावरचे भय पाहून पुन्हा सगळे समजावून सांगितले आहे.

पाटणच्या त्या स्त्रीचे दुखणे मात्र पाचव्या दिवशीही हटेना. अशा वेळी जो उपाय करतात त्याची कल्पना प्रथम गोर्मली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० मध्ये मांडली. ज्यांच्या बाबतीत सुई घालताना थोडे रक्त आले होते त्यांना डोकेदुखी कमी होते, असे त्यांना दिसले, म्हणून त्यांनी रुग्णाचेच दोन-तीन मिलिलिटर रक्त छिद्राच्या जवळ सोडून पाहिले. पुढे १९७० मध्ये डिजिओव्हानी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दहा मिलिलिटर वापरून ही रीत रूढ केली; आज पंधरा ते वीसपर्यंत देतात. रक्त आवरणाच्या बाहेरच्या बाजूस पसरते, त्याच्या दाबाने आतला दाब लगेच सावरतो, आणि ते गोठले की छिद्रावर ठिगळ बसते. ताप असेल, रक्तात जंतुदोष असेल किंवा रक्त गोठण्यात बिघाड असेल तर हा मार्ग वर्ज्य.

नवऱ्याने विचारले, "पाठीत सुई घातली म्हणूनच हे झालं ना? मग परत तिथंच सुई?" तो चिडला नव्हता, घाबरला होता. मी त्याला बसवून सांगितले की आज नकार दिला तरी पत्नी बहुधा आपोआप बरी होईल, फक्त किती दिवसांत हे सांगता येणार नाही, आणि तोवर तिचे हाल होतील. निर्णय तिचा आहे. तिने ऐकले आणि "करा" म्हणाली. तिला जिल्ह्याच्या गावी आणून, कुशीवर निजवून, मी जाड सुईने आवरणाच्या अलीकडची जागा शोधीत असता माझ्या सहकाऱ्याने निर्जंतुक हाताने तिच्या कोपराजवळच्या शिरेतून रक्त काढले. या कामात घाई मुळीच चालत नाही. सुई एक मिलिमीटर पुढे गेली तर दुसरे, आणि मोठे, छिद्र पडायचे. पिचकारीच्या दट्ट्याला होणारा विरोध अकस्मात नाहीसा झाला की तिथेच थांबायचे. रक्त सावकाश सोडीत गेले; "कंबर भरून आल्यागत वाटतंय" असे ती म्हणताच थांबले. दोन तास तिला उताणे ठेवले. मग बसविले, पाच मिनिटे गेली, दहा गेली. कानातली घूं घूं थांबली, असे ती म्हणाली, आणि नंतर, आपण होऊन, पाय खाली सोडून उभी राहिली. सगळ्यांचेच असे होते असे नाही; काहींना अर्धाच उतार पडतो, काहींना दुसऱ्यांदा हे करावे लागते. पण हा उपाय अस्तित्वात आहे याची माहिती कित्येक प्रसूतिगृहांत नसते, आणि बाई दहा-दहा दिवस माहेरच्या माजघरात कान बांधून पडून राहते.

येथवर जे लिहिले ते वाचून बाळंतिणीची प्रत्येक डोकेदुखी सुईच्या माथी मारण्याचा मोह होण्याजोगा आहे, आणि तो मोह माझ्या मते संशयाहूनही घातक. प्रसूतीनंतर रक्तदाब चढून आकडी येऊ शकते, अगदी जिचा रक्तदाब आधी बरा होता तिलाही. डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली दुखणे आणि डोके जड हा त्याचा इशारा. याच काळात मेंदूतील नीलांमध्ये रक्त गोठण्याचे प्रमाणही वाढते. आमच्या भागात बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे, नाहीतर पोट सुटते, अशी समजूत अजून आहे; गर्भारपणामुळे मुळातच गोठू पाहणारे रक्त, त्यात शरीर कोरडे पडलेले, ही जोडी चांगली नव्हे. एका बाईच्या बाबतीत 'भुलीची डोकेदुखी' म्हणून दोन दिवस गोळ्या चालू होत्या. मला विचारण्यात आले तेव्हा मी एवढेच विचारले की आडवी झाल्यावर थांबते का. उत्तर आले की पूर्वी थांबत असे, कालपासून थांबत नाही, आणि आज ती जरा झोपाळू वाटते. तिला त्याच तासाला पुण्याला रवाना करविले. तेथे मेंदूच्या तपासणीत नीलेत गुठळी आढळली, औषधे वेळेत सुरू झाली, आणि ती सावरली. डोकेदुखीने आपला स्वभाव बदलला, म्हणजे आडवे होऊनही ती राहू लागली, किंवा तिच्या जोडीला आकडी, ताप, गुंगी, एका अंगाची शक्ती जाणे यांपैकी काही आले, तर ते दुखणे दुसरे समजून चालायचे. बाईवर विश्वास ठेवणे याचा अर्थ तिचे उत्तर ऐकून फाईल मिटविणे नव्हे. रोज तोच प्रश्न नव्याने विचारून उत्तर बदलले का ते पाहणे.

सुयांविषयी थोडेसे. मी शिकत होते तेव्हा कण्याच्या सुया उकळून, वाफेच्या ड्रममध्ये निर्जंतुक करून पुनःपुन्हा वापरल्या जात. २२ क्रमांकाची सुई सर्रास चाले, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीची. शस्त्रक्रियागृहातील एक वयस्कर परिचारिका प्रत्येक सुईचे टोक कापसाच्या बोळ्यावरून हलकेच ओढून पाही. एखादा तंतू अडकला की टोकाला आकडा आला असे समजून ती सुई बाजूला ठेवी. तिच्या त्या दक्षतेने किती जणींची डोकी वाचली असतील, कोण जाणे. आता एकदाच वापरायच्या सुया आल्या, २५ आणि २७ क्रमांकाच्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आणि त्याहून बारीक. त्याहून महत्त्वाचा फरक टोकाच्या घडणीचा. जुने टोक तिरपे कापलेले आणि धारदार. १९५१ मध्ये हार्ट आणि व्हिटाकर यांनी, आणि पुढे १९८७ मध्ये श्प्रोटे यांनी, पेन्सिलीसारखे निमुळते टोक आणि बाजूला भोक असलेल्या सुया पुढे आणल्या. अशी सुई आवरणाचे तंतू कापीत नाही, बाजूला सारते, असे आम्हांला शिकविले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे छिद्र उलट अधिक खडबडीत दिसते आणि त्या खडबडीत कडांमुळेच ते लवकर सांधते, असे नंतरच्या निरीक्षकांचे म्हणणे. कारण काही असो, बारीक आणि पेन्सिल-टोकाच्या सुईने ही डोकेदुखी शंभरात एखादीला किंवा त्याहून कमी जणींना होते. किमतीचा प्रश्न तेवढा उरतो. धारदार टोकाची सुई स्वस्त पडते, आणि खरेदीचा अंमल ज्यांच्याकडे असतो त्यांना प्रसूतीनंतरचे ते आठ दिवस दिसत नाहीत. मी माझ्या पेटीत बारीक सुया स्वखर्चाने बाळगू लागले. आता बोलावणारे बहुतेक दवाखाने आपण होऊन त्या आणवितात.

एवढे करूनही काही जणींना दुखणे होतेच, आणि ते होते तेव्हा त्या बहुधा घरी पोहोचलेल्या असतात. म्हणून रुग्णाला घरी सोडताना जी चिठ्ठी देतात तिच्यावर, औषधांच्या खाली, मी मराठीत मजकूर लिहावयास लावला आहे: कमरेतून भूल दिलेली आहे, बसल्यावर डोके दुखून पडल्यावर थांबले तर कळवावे; पडल्यावरही थांबले नाही, आकडी आली, फार झोप येऊ लागली, दिसेनासे झाले, तर न थांबता रुग्णालयात आणावे, पाणी भरपूर द्यावे. त्याखाली माझा क्रमांक असतो. फोन येतो तो पुष्कळदा रात्री, आणि पलीकडे नवरा, भाऊ किंवा सासरा बोलत असतो. तो सांगतो की हिचे डोके दुखतेय, गोळी कोणती द्यायची. मी फोन तिच्या हाती द्यावयास सांगते. ती दबक्या आवाजात बोलू लागते, आणि मी तिला पहिला प्रश्न विचारते तो असा की आत्ता तू पडलेली आहेस की बसलेली. त्या उत्तरावरून ठरते की पाणी, गोळी आणि विश्रांती सांगून सकाळी भेटावयास बोलवायचे, की नवऱ्याला पुन्हा फोनवर घेऊन, मिळेल ती गाडी करून, तिला रात्रीच जिल्ह्याच्या रुग्णालयात आणावयास लावायचे.